भरतीची धाव आणि पायातले बूट : निवडावेत कसे, बदलावेत कधी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की घराघरांत तयारीच्या खर्चाची यादी बनते. पुस्तके, सराव प्रश्नपत्रिका, अभ्यासिकेची फी, अकॅडमीची फी, मेसचा डबा. बूट या यादीत अगदी शेवटी येतात आणि हाताशी जे पैसे उरले असतील त्यांत बसवले जातात. एकदा घेतलेला जोड मग वरून फाटेपर्यंत चालवायचा, ही आपल्याकडची रीत. आपल्या वस्त्यांतली आणि खेड्यांतली मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर, शाळेच्या मैदानावर धावताना दिसतात. त्यांच्या पायांकडे पाहिले तर कोणाच्या पायात कॉलेजात घालायचे स्नीकर्स असतात, कोणाच्या पायात मोठ्या भावाचा जुना जोड, कोणाच्या पायात शाळेतले कॅनव्हास.

अशा उमेदवारांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती आम्ही एकत्र करून देत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : धावण्याचा बूट वरून फाटण्याच्या बराच आधी आतून संपतो. तो कधी संपला हे ओळखता आले पाहिजे आणि खरेदीची तारीख मैदानी चाचणीच्या तारखेशी जुळवली पाहिजे. ब्रँडचा विचार त्यानंतर.

बुटांवर काय अवलंबून आहे?

अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी आधी होते आणि ती ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. महिलांसाठी ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. म्हणजे ५० पैकी ३५ गुण धावण्याचे आहेत. या ५० पैकी किमान निम्मे गुण मिळाले तरच लेखी परीक्षेचा विचार होतो. राज्य राखीव पोलीस बलाच्या सशस्त्र शिपाई पदासाठी तर ५ किलोमीटर धावावे लागते.

चाचणी काही मिनिटांची असली तरी तिच्यामागे अनेक महिन्यांचा रोजचा सराव असतो. पाय बिघडतात ते या सरावात. नडगी दुखू लागली की मुलगा दोन दिवस थांबतो, मग दुखणे अंगावर काढून पुन्हा धावतो आणि ऐन चाचणीच्या महिन्यात अंथरुणाला खिळतो. वयोमर्यादा जवळ आलेल्या उमेदवाराला पुढची जाहिरात मिळेलच असे नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. धावपटूंच्या दुखापतींचे सर्वांत मोठे कारण बूट नाहीत. एकदम वाढवलेले अंतर, रोजच्या रोज जोरात धावणे, कमी झोप आणि अपुरे खाणे ही कारणे जास्त मोठी आहेत. पण बूट ही त्यातली अशी बाजू आहे, जी थोडी माहिती असली तर आपल्या हातात राहते.

बूट आतून कसा असतो?

धावण्याच्या बुटाचे मुख्य भाग चार. वरचे जाळीदार कापड म्हणजे अपर. जमिनीला लागणारा रबरी तळ म्हणजे आउटसोल. या दोहोंच्या मध्ये असलेला जाड, हलका थर म्हणजे मिडसोल. आणि टाचेला मागून धरून ठेवणारा कडक कप म्हणजे हील काउंटर. आत पायाखाली असतो तो पातळ, काढता येणारा इनसोल. तो घाम शोषतो आणि पायाला मऊ लागतो, पण धक्का झेलण्याचे मुख्य काम त्याचे नाही.

ते काम मिडसोलचे. बहुतेक बुटांत तो ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हा फोम धावण्याच्या बुटांत वापरला जाऊ लागला. त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. पाऊल पडले की ते दबतात, उचलले की फुगतात. एका किलोमीटरमध्ये दोन्ही पायांची मिळून साधारण हजार पावले पडतात आणि धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. हजारो वेळा दबल्यावर बुडबुड्यांच्या भिंती मोडतात आणि फोम पूर्ववत फुगत नाही. बाहेरून बूट धडधाकट दिसतो, आत मात्र त्याची उसळी गेलेली असते.

म्हणूनच बूट फाटला की बदलायचा, हा हिशेब धावणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

पाय आधी मोजा

नंबर सांगून बूट मागवण्याआधी दोन्ही पाय मोजून घ्या. घरी मोजण्याची पद्धत सोपी आहे.

- मोजमाप संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि धावतानाही सुजतो.
- भिंतीला कागद टेकवून जमिनीवर ठेवा. ज्या सॉक्सवर धावता तेच घालून, टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन सरळ उभे राहा. बसून मोजलेला पाय लहान भरतो.
- सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. ते बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांचे दुसरे बोट लांब असते.
- दोन्ही पाय मोजा. दोघांत फरक असणे नेहमीचेच. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्या.
- चवड्याची रुंदीही मोजा.

बहुतेक बुटांच्या जिभेच्या आतल्या बाजूला लेबल असते. त्यावर यूके, यूएस, युरोप आणि सेंटीमीटर अशी मापे दिलेली असतात. आपल्याकडचा नेहमीचा नंबर बहुधा यूके पद्धतीचा असतो आणि यूएसचा आकडा त्याहून वेगळा येतो. ऑनलाइन खरेदीत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. यूके पद्धतीत एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा आणि अर्ध्या नंबराचा सुमारे चार मिलिमीटरचा असतो. प्रत्येक कंपनीचा साचा निराळा, त्यामुळे एका कंपनीचा आठ नंबर दुसऱ्या कंपनीत घट्ट होऊ शकतो.

लहानपणापासून अनवाणी किंवा साध्या चपलेवर वाढलेला पाय पुढून रुंद असतो. खेड्यातल्या अनेक उमेदवारांचे पाय असेच असतात. असा पाय अरुंद बुटात कोंबला की करंगळीला फोड येतात, अंगठ्याचे नख काळे पडते. रुंदी मिळावी म्हणून मोठा नंबर घेतला तर टाच सरकते. अशांनी 'वाइड' असे लिहिलेला किंवा पुढून गोलसर, प्रशस्त साच्याचा बूट शोधावा.

मुलींनी केवळ नंबर मिळतो म्हणून मुलांचा बूट घेऊ नये. बायकांच्या बुटाचा साचा टाचेकडे अरुंद असतो. पाय रुंद असेल आणि टाच सरकत नसेल, तर मात्र पुरुषांचा जोड घ्यायला काही हरकत नाही. शेवटी तो पायात कसा बसतो हेच पाहायचे.

दुकानात काय पाहावे?

दोन्ही पायांत बूट घाला, लेस नीट बांधा आणि उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे सुमारे एक सेंटीमीटर, जागा हवी. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. टाच वर उचलून पाहा, ती आत सरकायला नको. मग दुकानासमोर पन्नास पावले धावून या. दुकानदार कुरकुरला तरी हे कराच. 'वापरून सैल होईल' हे चामड्याच्या बुटाबद्दल खरे असेल, धावण्याच्या बुटाबद्दल त्यावर विसंबू नका. पहिल्या मिनिटाला जिथे टोचते, तिथेच पुढे फोड येतो.

हातात घेऊन तीन गोष्टी तपासा.

- बूट पुढून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर तो धावण्यासाठी नाही.
- पुढचे टोक आणि टाच धरून पिळा. थोडासा पिळला जाणे ठीक, ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर सोडा.
- मागचा कप अंगठ्याने दाबा. तो लगेच चेपला जाऊ नये.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. नेहमीच्या बुटांत तो ८ ते १२ मिलिमीटर असतो. कमी ड्रॉपच्या बुटात पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो. सपाट बुटाची सवय नसताना चाचणीच्या तोंडावर असा बदल करू नये.

धावण्यासाठी धावण्याचाच बूट हवा. क्रिकेटचा, बॅडमिंटनचा किंवा जिमचा बूट दिसायला स्पोर्ट शूजच असतो, पण त्याचा तळ वेगळ्या हालचालीसाठी बनवलेला असतो. कार्बन प्लेट असलेल्या महागड्या बुटांची जाहिरात आता गावोगावी पोहोचली आहे. ते लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या वेगासाठी असतात आणि त्यांचे आयुष्य कमी असते. १६०० मीटरच्या उमेदवाराने त्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

सपाट तळवा असेल तर?

'ओला पाय कागदावर ठेवा, तळव्याची कमान पाहा आणि त्यानुसार बूट घ्या' असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो तर्काला पटतो, पण पडताळणीत टिकलेला नाही. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअर या तिन्ही दलांच्या नव्या भरती झालेल्या प्रशिक्षणार्थींवर याचे अभ्यास झाले. ते २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे दिले. दुखापतींच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. हे आपल्या उमेदवारांसारखेच तरुण होते, म्हणून हा दाखला आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

यातून घ्यायचे ते इतकेच, की कमानीच्या नावाखाली महाग बूट गळ्यात मारू देऊ नका. पायात घातल्यावर आरामशीर वाटणे हीच सर्वांत भरवशाची कसोटी. तळव्यात आधीपासून दुखत असेल तर दुकानदाराला विचारण्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. भरतीच्या वैद्यकीय तपासणीतही तळवे पाहिले जातात, त्यामुळे ही शंका आधीच दूर केलेली बरी.

फर्स्ट कॉपी आणि पैशांचा हिशेब

बाजारात नामांकित कंपन्यांच्या 'फर्स्ट कॉपी' पाचशे-सातशे रुपयांना मिळतात. वरचे कापड, चिन्ह, रंग हुबेहूब. नक्कल दिसणाऱ्या भागाचीच होते, मिडसोल मात्र बहुधा हलक्या प्रतीचा असतो. काहींचा तळ दगडासारखा कडक, काहींचा स्पंजासारखा, आठवड्यात बसणारा. लेबलवर मॉडेल क्रमांक नसणे, दोन्ही बुटांचे वजन किंवा शिवण वेगळी असणे, डिंकाचा उग्र वास, बिल द्यायला नकार, या खुणा पाहा. नामांकित चिन्हाच्या नकलेपेक्षा त्याच पैशांत साध्या देशी कंपनीचा स्वतःच्या नावाने विकला जाणारा बूट केव्हाही बरा.

साधारण २००० ते ३००० रुपयांत सरावाला पुरेसा चांगला बूट मिळतो. मागच्या वर्षीचे मॉडेल सवलतीत मिळत असेल तर जरूर घ्या. नव्या मॉडेलमध्ये पुष्कळदा रंग आणि वरचे कापडच बदललेले असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्याहून महाग जोडावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणून २५०० च्या थोडे खाली आणि थोडे वर असलेल्या दोन जोडांची किंमत ताडून पाहा.

हिशेब किमतीचा न करता किलोमीटरचा करा. २४०० रुपयांचा जोड ६०० किलोमीटर चालला तर किलोमीटरला चार रुपये पडले. ७०० रुपयांचा जोड १५० किलोमीटरमध्ये बसला तर किलोमीटरला पावणेपाच रुपयांच्या आसपास पडले, आणि नडगीचे दुखणे वर.

किती किलोमीटरनंतर बदलावा?

सर्वसाधारण मर्यादा ५०० ते ८०० किलोमीटरची मानली जाते. वजनदार उमेदवार, डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर धावणारे आणि स्वस्त फोमचे बूट यांच्यासाठी खालचा आकडा धरावा. हलके शरीर आणि मातीचे मैदान असेल तर बूट अधिक टिकतो. आकडा पूर्ण झाला त्या दिवशी बूट फेकायचा असे नाही, तेव्हापासून त्याच्याकडे संशयाने पाहायला लागायचे.

समजा तुम्ही आठवड्यातून पाच दिवस, रोज ६ किलोमीटर धावता. आठवड्याचे ३० किलोमीटर झाले. ६०० किलोमीटर व्हायला २० आठवडे, म्हणजे जेमतेम पाच महिने लागतात. भरतीचा सराव त्याहून जास्त काळ चालतो. तयारीच्या पहिल्या दिवशी घेतलेला जोड चाचणीच्या दिवशी जवळजवळ नक्कीच संपलेला असतो.

म्हणून खरेदीची तारीख बुटाच्या जिभेवर आतून पेनाने लिहून ठेवा आणि वहीत रोजचे किलोमीटर मांडा. मोबाइल अ‍ॅप असेल तर ठीक, नसेल तर मैदानाच्या फेऱ्या मोजून हिशेब होतो. तोच बूट कॉलेजला, बाजारात, लग्नाला घालू नका. चालण्यानेही फोम दबतो. धावण्याचा बूट धावण्यापुरताच ठेवला तर महिना-दीड महिना जास्त टिकू शकतो.

बूट संपल्याच्या खुणा

- मिडसोलच्या बाजूला आडव्या, खोल सुरकुत्या दिसतात. अंगठ्याने दाबले तर फोम कडक लागतो किंवा दबून तसाच राहतो.
- दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. एखादा आत किंवा बाहेर कललेला दिसेल.
- आउटसोलचे रबर झिजून खालचा फोम दिसू लागतो. टाचेची बाहेरची कड थोडी आधी झिजणे मात्र बहुतेकांच्या बाबतीत स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नका.
- मागचा कप ढिला पडतो, टाच आत हलते.
- अंतर किंवा वेग वाढवलेला नसताना नडगी, गुडघा किंवा तळवा नव्याने दुखू लागतो. ही खूण सर्वांत महत्त्वाची.

शंका असेल तर दुकानात जाऊन त्याच प्रकारचा नवा बूट एका पायात आणि जुना दुसऱ्या पायात घालून उभे राहा. फरक पायाला लगेच कळतो.

सोल उचकटला असेल किंवा शिवण उसवली असेल तर चांभारदादांकडून शिवून, चिकटवून घ्या. जोड नवा असेल तर ही दुरुस्ती पूर्ण उपयोगाची आहे. पण मिडसोल बसलेला असताना खाली नवा रबरी सोल ठोकून घेतला, तर बूट जड होतो आणि उसळी परत येत नाही. आत जाड इनसोल घातल्यानेही मेलेला फोम जिवंत होत नाही, उलट बुटातली जागा कमी होते.

ऊन, पाऊस आणि धुणे

बुटाला सर्वांत मोठा शत्रू उष्णता. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पत्र्यावर वाळत घातलेल्या बुटाचा डिंक सुटतो आणि फोम लवकर कडक होतो. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा गाडीच्या डिकीत बूट ठेवू नका. भिजला तर इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली किंवा सावलीत वाळवा. धुताना मशीनमध्ये टाकू नका. जुना ब्रश, साधे पाणी आणि थोडा साबण पुरे.

धावून आल्यावर लेस सोडून बूट काढा. टाचेने टाच दाबून काढायची सवय मागचा कप मोडते. लेसच्या वरच्या टोकाला जे एक जादा छिद्र असते, ते टाच घट्ट धरण्यासाठी आहे. टाच सरकत असेल तर लेस त्यातून ओवून बांधा.

परवडत असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे झालेल्या एका अभ्यासात एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. दुसरा जोड नवाच हवा असे नाही. पहिला अर्धा वापरून झाला की दुसरा घ्यायचा, म्हणजे खर्च एकदम येत नाही आणि चाचणीच्या वेळी एक जोड नक्की धड असतो.

चाचणीच्या तारखेशी मेळ

ज्या बुटांवर चाचणी द्यायची ते किमान चार ते सहा आठवडे आधी घ्या. पहिला आठवडा हलक्या धावेला वापरा. मग त्यावर किमान तीन वेळा पूर्ण वेगाने १६०० किंवा ८०० मीटर धावून वेळ नोंदवा. चाचणीच्या दिवशी कोरा बूट घालून मैदानावर जाणे हा सर्वांत महागडा जुगार आहे.

पावसामुळे मैदानी चाचणीच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, हे आपण पाहिले आहे. तारीख दोन महिने पुढे गेली तर चाचणीचा जोड बाजूला काढून ठेवा आणि रोजचा सराव जुन्यावर करण्याऐवजी अंतर थोडे कमी करा. मैदान मातीचे असेल तर थोडी खाचखळगी असलेला तळ चिखलात पकड देतो.

खिळ्यांचे बूट, म्हणजे स्पाइक्स, मैदानी सूचनांत परवानगी असेल तरच वापरा आणि त्यांचा सराव आधी केलेला असेल तरच. प्रत्येक घटकाच्या सूचना प्रवेशपत्रासोबत किंवा संकेतस्थळावर येतात, त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

अनवाणी धावले तर?

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने मॅरेथॉन अनवाणी जिंकली. चार वर्षांनी टोकियोत त्यानेच बूट घालून पुन्हा सुवर्णपदक जिंकले. रोमला मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसत नव्हते आणि अनवाणी सराव त्याला आधीपासून होता, म्हणून त्याने अनवाणी धावणे पसंत केले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीही सुरुवात अनवाणीच केली होती. पुढे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले.

यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. पायाला न बसणाऱ्या बुटापेक्षा सवयीचा अनवाणी पाय बरा. आणि अनवाणी धावणे ही वर्षानुवर्षांची सवय असते, ती महिन्याभरात लागत नाही. बूट घालून वाढलेल्या मुलाने हौसेने डांबरावर अनवाणी धावणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

कधी थांबायचे?

नडगीच्या आतल्या कडेला हातभर लांब पट्टा दुखत असेल, धावताना सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी होत असेल, तर अंतर निम्म्यावर आणा, बर्फ लावा, मऊ जमिनीवर धावा आणि बूट तपासा. पण बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारता येत नसेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करा. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या दिवसांत ती एक्स-रेमध्ये दिसतेच असे नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर पुन्हा धावू नका, डॉक्टरांना दुखण्याची जागा नेमकी दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन सराव चालू ठेवणे म्हणजे चीर वाढवणे.

मदत करणाऱ्यांसाठी

ज्या समाजाच्या मागच्या पिढ्यांना अनेक गावांत वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागे, त्याच समाजाची मुले आज वर्दीसाठी धावत आहेत. त्यांना मदत करणारेही पुष्कळ आहेत. जयंती मंडळे, विहारांच्या अभ्यासिका, नोकरीला लागलेले भाऊ-बहीण जुने बूट गोळा करून देतात. भावना चांगली आहे, पण इथे एक सावधगिरी हवी. दुसऱ्याने चारशे-पाचशे किलोमीटर वापरलेला जोड धुऊन दिला तर तो दिसायला नवा असतो, आतून संपलेला असतो आणि दुसऱ्याच्या पावलाच्या वळणाने बसलेला असतो. असे बूट चालायला द्या, धावायला नको.

त्याऐवजी दहा जोडांच्या पैशांत चार नवे जोड घ्या आणि ज्यांची चाचणी जवळ आहे त्यांना द्या. देण्याआधी पाय मोजा. एका रविवारी अभ्यासिकेत कागद, पट्टी आणि पेन घेऊन सगळ्या उमेदवारांचे पाय मोजून यादी केली, तर दुकानदाराकडून एकगठ्ठा खरेदीत सवलतही मिळते. बुटांसोबत एक वही द्या, किलोमीटर लिहायला.

आणि ज्यांच्या पायात आत्ता एकच जोड आहे, त्यांनी आज संध्याकाळी एवढे करावे : बूट उलटा करून तळ पाहावा, बाजूचा फोम अंगठ्याने दाबावा आणि तो केव्हा घेतला हे आठवून जिभेवर तारीख लिहावी.